बिल्ला क्रमांक सहाशे चौदा

एखाद्या माणसाला दाराबाहेर ठेवण्यासाठी मनात द्वेष असावाच लागतो, असे नाही. चांगला कागद, बरे अक्षर आणि आपण नियमाला धरून वागत आहोत ही खात्री, एवढ्यावर ते काम होते, आणि ज्याच्या हातून होते त्याचे जेवणखाणही त्या दिवशी नीट होते. पुढे कधीतरी दोष ध्यानात येतो. मग तो दुरुस्त करण्याची घाई होते, आणि त्या घाईत तोच दोष पुन्हा घडू शकतो. माझ्या हातून असे दोनदा घडले. दोन्ही वेळा समोरचा माणूस एकच होता. स्मरण शाबूत आहे तोवर ते जसे घडले तसे सांगून मोकळे व्हावे, एवढीच इच्छा आहे.

सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या कारखान्यात मी तेहतीस वर्षे टाइम ऑफिसात होतो. कामगारांच्या हजेरीचे ते खाते. फाटकातून आत शिरले की भिंतीला दोन मोठे लाकडी फळे होते. डावीकडच्या फळ्यावरून आपला पितळी बिल्ला काढायचा आणि उजवीकडच्या फळ्यावर आपल्या क्रमांकाच्या खिळ्याला अडकवायचा, म्हणजे माणूस हजर. सकाळी साडेसातचा भोंगा झाला की उजव्या फळ्यावर जाळी उतरे. या साऱ्या व्यवस्थेचा प्राण एका नियमात होता : बिल्ला ज्याचा त्यानेच लावायचा. मित्राचा बिल्ला आपल्या हाताने लावणे हा तिथे चोरीहून मोठा अपराध मानला जाई. असे अपराध मी पुष्कळ पकडले, आणि त्याचा मला अभिमानही होता.

माझ्या शेजारच्या टेबलाशी बावीस वर्षे दशरथ ओव्हाळ बसत. त्यांचा क्रमांक सहाशे चौदा. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा दशरथराव अकरा वर्षांचे होते. बोलणे थोडके, पण कोरडे आणि नेमके. दुपारी आम्ही डबे एकत्र उघडत असू. त्यांच्या डब्यात जयावहिनींची ज्वारीची भाकरी आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. माझ्या डब्यात सदाशिव पेठेतली पोळी आणि आमटी.

"श्यामराव," ते एकदा म्हणाले, "तुमच्या घरी आमटीत गूळ घालतात, की गुळात आमटी?"

आमच्या कुसुमला हे सांगितले, तर दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्यासाठी बिनगुळाची वाटी वेगळी देऊ लागली.

शहाण्णव साली कारखान्यात नवे वारे आले. बाजार खुला झाला होता, परदेशी यंत्रे येत होती, आणि माणसे फार झाली आहेत असे वरच्या मजल्यावर ठरले. हजेरीसाठी संगणक आला. बिल्ल्याच्या जागी प्लास्टिकचे कार्ड आले. टाइम ऑफिसात दोघांऐवजी एकच कारकून पुरेल असे सांगण्यात आले, आणि एकाने स्वेच्छानिवृत्ती घ्यावी, म्हणजे व्हीआरएस, असा निरोप आला. कोणी जायचे हे उघड होते. दशरथराव तीन महिने संध्याकाळी टिळक रस्त्यावरच्या एका क्लासला जाऊन संगणक शिकले होते. मला त्यातले काहीच येत नव्हते. माझे वय चोपन्न, आणि थोरल्या मुलीचे लग्न दीड महिन्यावर आले होते.

यादी लागण्याच्या आदल्या दिवशी कळले की दशरथरावांनी स्वतःचा अर्ज देऊन टाकला आहे.

"अहो, हे काय केलंत?" मी विचारले. "ते यंत्र तुम्हाला चालवता येतं. मला त्याचं बटण कुठं असतं तेही ठाऊक नाही."

"म्हणून पंधरा दिवस मागून घेतलेत. शिकवतो."

"पण तुम्ही का?"

"लग्नाच्या पत्रिका छापून झाल्या ना? मुलीच्या बापाची नोकरी गेली असं त्यात कुठं छापलेलं नाही. पुन्हा छापायला लावू नका."

पंधरा दिवस त्यांनी मला लहान मुलासारखे बोट धरून शिकवले. शेवटच्या दिवशी त्यांचा बिल्ला मीच ताब्यात घेतला. नियम असा होता की जो वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण करून निवृत्त होईल त्याला त्याचा बिल्ला सागाच्या पाटीवर बसवून समारंभाने द्यायचा. जो व्हीआरएस घेईल त्याने तो परत करायचा. त्या वर्षी एकशे बेचाळीस बिल्ले परत आले. ते एका पोत्यात भरून भंगारात गेले. पोते शिवण्यापूर्वी मी त्यातून सहाशे चौदा क्रमांक शोधून काढला आणि खिशात घातला. स्नेहानेच घातला. मात्र ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, दशरथरावांनाही नाही.

दोन हजार साली मी रीतसर निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी आम्ही काही जणांनी निवृत्तांचा मेळा सुरू केला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयाच्या खालच्या दालनात जमायचे, वाढदिवस साजरे करायचे, कॅरम खेळायचा, एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान ठेवायचे, नोव्हेंबरात एकमेकांचे हयातीचे दाखले भरून द्यायचे, असा बेत होता. अध्यक्ष श्रीधर साने. हे पूर्वी आमचे पर्सोनेल मॅनेजर. सचिव मी. साच्यांच्या खात्यातले सुतार नागोराव यांनी जुन्या फळ्यासारखाच एक फळा करून आणला. येताना प्रत्येकाने आपला बिल्ला पाटीवरून काढून आणायचा आणि आपल्या हाताने खिळ्याला लावायचा. त्या कल्पनेने सगळे इतके हरखले की दोघा-तिघांच्या डोळ्यांत पाणी आले.

मेळ्याची घटना, म्हणजे नियमावली, लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. साने म्हणाले, "श्यामराव, एक सांभाळा. व्हीआरएसवाल्यांनी लेबर कोर्टात दावा लावलाय. ते आत आले तर आपल्या भेळीच्या कार्यक्रमाचा मोर्चा होईल."

मी लिहिले : 'नियत वयोमर्यादेपर्यंत अखंड सेवा पूर्ण करून निवृत्त झालेली व्यक्तीच सभासदत्वास पात्र राहील.' साने यांनी 'अखंड' हा शब्द सुचवला नव्हता. तो मी घातला. वाक्याला त्याने भारदस्तपणा येतो असे मला वाटले. लिहिताना दशरथराव माझ्या मनातही आले नाहीत, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे असेल, तर अधिकच वाईट आहे.

पहिल्या मेळाव्याला ते आले. धायरीहून दोन बस बदलून, जयावहिनींना घेऊन. वहिनींच्या अंगावर नवी साडी होती आणि हातात पेढ्यांचा पुडा. दाराशी नोंदवही घेऊन मीच बसलो होतो. दशरथरावांनी आधी फळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"नाव लिहा," ते म्हणाले. "अक्षर तुमचंच बरं."

साने माझ्या मागेच उभे होते. मी नोंदवही मिटली आणि म्हणालो, "दशरथराव, आपण आज पाहुणे म्हणून बसा. आमच्या घटनेत एक तांत्रिक अडचण आहे."

त्यांनी भिंतीवर लावलेली घटना वाचली. उभ्यानेच, शेवटपर्यंत. मग पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला.

"पाहुण्यानं फार वेळ बसू नये," ते म्हणाले. "चला, जया."

पेढे सर्वांना वाटले गेले. कोणी आणले, हे कोणी विचारले नाही.

त्यानंतर दहा वर्षे आमचा मेळा उत्तम चालला. सहली झाल्या, वाढदिवस झाले, शोकसभा झाल्या. कारखान्याची निम्मी जागा विकली गेली आणि तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आमच्या मुलांनी हिंजवडीत नोकऱ्या धरल्या. मी धायरीला गेलो नाही. फोन करण्याचे पुष्कळदा मनात आले. घटना बदलल्यावर करू, असे ठरवले. आणि घटना बदलण्याचा विषय कोणी काढला नाही, कारण तो काढण्याचे काम सचिवाचे होते.

दोन हजार अकराच्या श्रावणात नागोराव आजारी पडले. घर धायरीलाच, मुलगा परदेशात. मेळ्याच्या वतीने मी पुष्पगुच्छ आणि शुभेच्छापत्र घेऊन रुग्णालयात गेलो. खाटेजवळच्या कपाटावर एक पितळी डबा होता. त्याच्या झाकणावरचा पोचा मी ओळखला. बावीस वर्षे तो माझ्या डब्याशेजारी उघडला गेला होता.

"दशरथराव आले होते?" मी विचारले.

"आले होते म्हंजे? आठ दिस झाले, रोज हाय की," नागोराव म्हणाले. "सकाळी साडेसातला. आपल्या भोंग्याच्या टायमाला. आत्ता औषध आणाया खाली गेलाय. जेवान जयाबाई देती. बसा, येईलच."

मी बसलो नाही. पुष्पगुच्छ ठेवला आणि दशरथराव वर येण्यापूर्वी दुसऱ्या जिन्याने उतरलो. 

त्याच आठवड्यात मी कार्यकारिणीची बैठक बोलावली. दावा केव्हाच निकाली निघाला होता, मोर्चाचे भय कोणाला उरले नव्हते. तरी संपूर्ण नियम बदलायचा तर सर्वसाधारण सभा हवी, आणि ती मार्चात. मला तोवर थांबवेना. मी एक युक्ती काढली : कार्यकारिणीच्या अधिकारात दशरथ ओव्हाळ यांना 'विशेष सभासद' करून घ्यावे. ठराव एकमताने झाला. पत्र मी स्वतः लिहिले, तीनदा खरडून चौथ्यांदा पक्के केले. कपाटातून सहाशे चौदाचा बिल्ला काढून चिंचेने घासला आणि रुमालात बांधला. दुसऱ्या रविवारी स्वारगेटहून धायरीची बस धरली. मन इतके हलके होते की उभ्याने प्रवास केला, तरी पाय दुखले नाहीत.

जयावहिनी दारातच भेटल्या. पंधरा वर्षांपूर्वीच्या हाकेनेच त्यांनी मला हाक मारली. "या, श्यामभाऊजी. हे विहाराच्या हॉलमध्ये आहेत. रविवारी तिथं सगळे जमतात. चला, मीही निघालेच आहे."

बुद्धविहाराला लागून पत्र्याचे एक दालन होते. पंचवीसेक माणसे सतरंजीवर आणि खुर्च्यांवर बसली होती. आमच्याबरोबर काम केलेले व्हीआरएसवाले आठ-दहा जण मी ओळखले. बाकी कोणी एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, कोणी महापालिकेत झाडू मारून थकलेल्या बाया, एक शाळामास्तर. दशरथराव मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवत होते आणि मधेच थांबून बातमीवर शेरा मारत होते. मला पाहताच त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"या सेक्रेटरी! महिपती, त्यांना खुर्ची दे. सदाशिव पेठेला सतरंजीची सवय नसते."

हशा झाला. मीही हसलो. महिपती हे आमच्या ओतकाम खात्यातले. तेही त्या एकशे बेचाळिसांतले. पाणी झाले, चहा झाला. मी उठून पत्र दशरथरावांच्या हातात दिले. त्यांनी ते सावकाश वाचले.

"'विशेष सभासद'," ते म्हणाले. "अक्षर तसंच आहे तुमचं. सुरेख." आणि पत्र त्यांनी शेजारी दिले. "महिपती, वाच."

महिपतींनी वाचले, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. "ह्यात माझं नाव नाही."

"नाही," दशरथराव म्हणाले.

"पुढल्या पानावर असंल."

"पुढलं पान नाही, महिपती."

मी घाईने म्हणालो, "अहो, हा आरंभ आहे. आपला मान आधी, मग हळूहळू..."

दशरथरावांनी हात वर करून मला थांबवले. त्या हातात राग नव्हता. टाइम ऑफिसात मी संगणकावर चुकीचे बटण दाबू लागलो की ते असाच हात वर करत.

"श्यामराव, तेव्हा तुम्ही सगळ्यांना बाहेर ठेवलंत, त्यात मी होतो. आता मला एकट्याला आत घेताय, आणि हे सगळे बाहेर. तुमच्या त्या हॉलमध्ये मी खुर्चीवर बसू कसा ते सांगा. पाठ कुणाकडे करून?"

महिपतींनी पत्राची घडी घालून ते माझ्यापुढे ठेवले.

"नियम तुम्ही लोक फार सुबक लिहिता," ते पुढे म्हणाले. "आमच्या आज्यापणज्यांपासून वाचतोय. पाठ झालेत." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला. "'तुम्ही लोक' म्हणालो, राग मानू नका."

"मानत नाही," मी म्हणालो. "मानण्याचा अधिकार नाही."

दुसरे काही सुचेना म्हणून मी रुमाल सोडला आणि बिल्ला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, उलटा केला. मागच्या बाजूला खिळ्याने कोरलेली एक लहानशी रेघ होती. अंधुक सकाळी बोटांनी बिल्ला ओळखता यावा म्हणून त्यांनीच ती केली असावी. तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"हा भंगारात गेला होता."

"मी काढून ठेवला होता."

"केव्हा?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे आम्ही पहिल्या मेळाव्याला आलो, तेव्हा..."

"माझ्या घरी होता. कपाटात."

दशरथरावांनी बिल्ला पुन्हा सुलटा केला. बोलल्या त्या जयावहिनी. "त्या दिवशी बसमध्ये हे सारखं म्हणत होते, फळा केलाय म्हणे, सगळे बिल्ले लावणार, आपल्याकडे बिल्ला कुठंय? मी म्हटलं, एवढं काय त्यात, श्यामभाऊजी असतील ना दारात. ते करतील काहीतरी."

त्यांनी हे आरोप म्हणून सांगितले नाही. गेल्या दिवसांतली एक आठवण सांगावी तसे सांगितले. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ बोल लावले. त्यातला एकही या वाक्याइतका आत गेला नाही.

दशरथरावांनी बिल्ला रुमालात ठेवला, गाठ मारली आणि माझ्या हातात परत दिला.

"तुमच्याकडेच असू द्या. तिथं यायचा दिवस आला, तर मागून घेईन आणि माझ्या हातानं लावीन. तुम्ही मात्र लावू नका हं. तो गुन्हा आहे." आणि ते हसले. "पकडायला मी नाही तिथं, म्हणून सांगतो."

मार्चातल्या सर्वसाधारण सभेत मी नियम बदलण्याचा प्रस्ताव मांडला. साने म्हणाले, "श्यामराव, ही संस्था आहे, धर्मशाळा नव्हे." मी उभा राहिलो आणि एवढेच सांगितले की 'अखंड' हा शब्द माझा होता, तो मी परत घेतो, ज्यांची सेवा खंडित झाली त्यांनी ती स्वतः खंडित केली नव्हती, आणि मी माझी शेवटची चार वर्षे ज्याच्या जागेवर काढली, तो माणूस दहा वर्षे या दाराबाहेर आहे.  मग नागोराव काठी टेकत उठले आणि त्यांनी हात वर केला. थोड्या मतांनी का होईना, ठराव मंजूर झाला.

आम्ही पत्ते शोधून सर्वांना पत्रे पाठवली. एकशे बेचाळिसांपैकी एकोणचाळीस आधीच गेले होते. काही गावाकडे होते, काहींनी उत्तर दिले नाही. आले अकरा. त्यांचे पितळी बिल्ले कधीच वितळले होते, म्हणून नागोरावांनी सागाचे गोल बिल्ले कातून त्यांवर क्रमांक कोरले. महिपतींनी आपला बिल्ला लावण्यापूर्वी खिळा हलवून पाहिला. "घट्ट हाय ना? का हा पण विशेष?" सगळे हसले, साने सुद्धा.

दशरथराव त्या अकरांत नव्हते. मी फोन केला.

"चांगलं केलंत," ते म्हणाले. "मनापासून सांगतो. पण रविवारी दहाला माझ्याकडंही माणसं असतात. कंडक्टर आहेत, झाडूवाल्या आक्का आहेत. त्यांचा नंबर कुठल्याच फळ्यावर नाही. त्यांना सोडून कसा येऊ?"

"आम्ही वेळ बदलू. वार बदलू."

"नका. दहा वर्षं तुमची तीच वेळ आहे, लोकांना सवय झालीय. सवय मोडली की म्हातारी माणसं येत नाहीत." मग थोडे थांबून म्हणाले, "तुम्ही या इकडं. येत जा."

मी जातो. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी गुडघे साथ देतील तेव्हा जातो, आणि सतरंजीवर बसायला शिकलो आहे. तिथे नोंदवही नाही. मला तिथे कोणी पाहुणा म्हणत नाही, आणि तेच मनाला अधिक लागते. दशरथराव माझ्याशी पूर्वीसारखेच बोलतात. केवळ फळ्याचा विषय ते काढत नाहीत, आणि मीही काढत नाही.

पहिल्या रविवारी दालनात सर्वांत आधी मी पोचतो. फळ्यावर सहाशे तेरा आणि सहाशे पंधरा यांच्या मध्ये नागोरावांनी एक खिळा ठोकून ठेवला आहे. रुमाल सोडून मी तो पितळी बिल्ला फळ्याखालच्या मेजावर ठेवतो. हात कधीकधी खिळ्यापर्यंत जातो. पण बिल्ला ज्याचा त्यानेच लावायचा असतो; मेळा संपला की मी तो पुन्हा रुमालात बांधून घरी आणतो.

ज्यांनी उशिरा का होईना आपल्या हाताने बिल्ले लावले, त्यांचे कल्याण असो. जे त्या दिवसापर्यंत पोचू शकले नाहीत, त्यांना शांती लाभो. आणि धायरीच्या त्या पत्र्याच्या दालनात आज जे वर्तमानपत्र मोठ्याने वाचत बसले असतील, त्यांचा आवाज खणखणीत राहो, जयावहिनींच्या हातचा डबा त्यांना दीर्घकाळ मिळत राहो, आणि त्यांचे रविवार माणसांनी भरलेले असोत.